मलेरियाची गोळी लागू का पडत नाही? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खान्देशातल्या एका प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या तपासते. पावसाळा ओसरला की थंडीतापाचे रुग्ण वाढतात आणि त्यांच्यासोबत एक वाक्यही हमखास येतं: "मॅडम, गोळ्या खाल्ल्या, पण लागू पडल्या नाहीत." या वाक्यामागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असू शकतात. मलेरियाच्या परजीवीने औषधाला दाद न देणं हे त्यातलं एक, आणि आपल्याकडे ते सगळ्यात कमी वेळा खरं असतं. पण ते खरं ठरू नये यासाठी बाकीची कारणं नीट समजून घ्यावी लागतात. लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी वापरू नका, गोळ्या आरोग्य केंद्रातूनच घ्या.

औषधाला दाद न देणारा मलेरिया म्हणजे नेमकं काय?

बऱ्याच जणांना वाटतं की सारख्या गोळ्या खाऊन "शरीराला सवय होते" आणि मग औषध चालेनासं होतं. तसं नाही. बदल होतो तो परजीवीमध्ये. योग्य औषध, वजनाप्रमाणे योग्य मात्रेत, ठरलेले सगळे दिवस घेतलं, ते पोटात टिकलं, रक्तात पोचलं आणि तरीही परजीवी जगला, तरच त्याला प्रतिकार म्हणायचं. यातली एक जरी अट पाळली गेली नसेल, तर दोष औषधाचा की उपचाराचा हे सांगता येत नाही.

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारचा मलेरिया आढळतो. फाल्सिपॅरम हा जिवावर बेतू शकणारा. व्हायवॅक्स तुलनेने कमी घातक, पण पुन्हा पुन्हा उलटणारा. औषधांना दाद न देण्याची खरी चिंता आहे ती फाल्सिपॅरमची.

"ताप उतरी गया, मंग गोया कसाले?" (ताप उतरला, मग गोळ्या कशाला?)

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं गणित करून उत्तर देते.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, म्हणजे ५० लाख मायक्रोलिटर. काचपट्टीवर एका मायक्रोलिटरमागे हजार परजीवी दिसले, तर ते काही फार मोठं संक्रमण नव्हे. अशा पट्ट्या आम्ही नेहमी पाहतो. तरीही त्या माणसाच्या अंगात त्या घडीला ५०० कोटी परजीवी फिरत असतात.

फाल्सिपॅरमवर आज जे मुख्य औषध वापरतात ते आर्टेमिसिनिन गटातलं. ते फार झपाट्याने काम करतं. परजीवीचं रक्तातलं एक चक्र ४८ तासांचं असतं आणि तेवढ्या वेळात हे औषध परजीवींची संख्या साधारण दहा हजार पटींनी खाली आणतं. म्हणजे दोन दिवसांत ५०० कोटींचे ५ लाख होतात. ताप उतरतो, भूक लागते, माणूस उठून कामाला जातो. पण ५ लाख अजून अंगात आहेत. तिसऱ्या दिवसाचं औषध घेतलं की दुसऱ्या चक्रावरही मारा होतो आणि पन्नासेक उरतात. ते पन्नास संपवण्याचं काम सोबतच्या दुसऱ्या औषधाचं असतं, जे रक्तात जास्त दिवस रेंगाळतं.

आता ज्याने दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून पाकीट कोनाड्यात ठेवून दिलं, त्याच्या अंगातले ५ लाख परजीवी वाढायला मोकळे झाले. आणि या पाच लाखांत कोण आहेत? औषधाच्या पहिल्या माऱ्यातून जे वाचले ते. त्यांच्यात औषध सहन करणारा एखादा असेल, तर पुढची पिढी त्याची निघणार. मग डास त्या माणसाला चावणार आणि तोच परजीवी पुढच्या घरात नेणार.

हा प्रतिकार परजीवीत येतो तरी कुठून?

खान्देशातल्या कापूस उत्पादकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. बीटी कापूस २००२ मध्ये आला तेव्हा गुलाबी बोंडअळी त्याने मरत होती. हजारो अळ्यांमधून एखादी जन्मजात वेगळी अळी वाचली, तिची वीण वाढली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडं किडकी निघाली. अळीने विष पचवायला "शिकून" घेतलं नव्हतं. जी मरत नव्हती तेवढीच उरली. मलेरियाच्या परजीवीत नेमकं हेच घडतं. फरक इतकाच की तो दर दोन दिवसांनी नवी पिढी काढतो.

क्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या औषधाचं उदाहरण घ्या. परजीवी आपल्या लाल पेशीतलं हिमोग्लोबिन खातो. त्यातून जो लोहयुक्त भाग उरतो तो परजीवीलाच विषारी असतो, म्हणून तो त्याचे खडे करून बाजूला ठेवतो. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी-काळपट रंगद्रव्य दिसतं ते हेच. क्लोरोक्विन परजीवीच्या पचनाच्या कप्प्यात साचतं आणि हे खडे होऊ देत नाही. परजीवी स्वतःच्याच विषाने मरतो. प्रतिकार असलेल्या परजीवीत त्या कप्प्याच्या भिंतीतलं एक प्रथिन बदललेलं असतं आणि ते क्लोरोक्विनला बाहेर काढून टाकतं. कप्प्यात औषध साचतच नाही. हा बदल ज्या जनुकात होतो ते शास्त्रज्ञांनी २००० साली ओळखलं.

प्रतिकार निर्माण व्हायला दरवेळी रुग्णच जबाबदार असतो असं मात्र मुळीच नाही. कमी मात्रेच्या निकृष्ट गोळ्या, वजन न बघता दिलेला डोस, एकच औषध एकटं देणं, तपासणी न करता प्रत्येक तापाला मलेरियाची गोळी देणं, या सगळ्यांतून तोच परिणाम होतो. अर्धवट गोळ्या घेणाऱ्या मजुराला रागावून हे सुटणार नाही. त्याला तिसऱ्या दिवशी कामावर जाणं का भाग पडतं, हेही बघावं लागेल.

जगात हे आधी घडलंय का?

अनेकदा घडलंय, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच भागातून. थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर, पैलिनच्या आसपास, १९५० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपॅरम आढळला. त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेत कोलंबियातही तो दिसला. पैलिनला रत्नांच्या खाणी होत्या, दूरदूरचे मजूर तिथे येत आणि परत जात. त्या भागात मिठात मलेरियाचं औषध मिसळून लोकांना देण्याचा प्रयोगही झाला होता. हेतू चांगला होता, पण मिठातून पोटात जाणारी मात्रा थोडी आणि अनिश्चित. परजीवी मारायला अपुरी आणि निवडून काढायला पुरेशी.

भारतात क्लोरोक्विनला प्रतिकार पहिल्यांदा १९७३ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग जिल्ह्यात नोंदला गेला. १९७८ च्या सुमारास तो पूर्व आफ्रिकेत पोचला आणि पुढची कित्येक वर्षं तिथली लहान मुलं निरुपयोगी झालेल्या गोळ्या खाऊन दगावत राहिली. क्लोरोक्विननंतर वापरात आलेल्या सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन या जोडीलाही पुढे भारतात प्रतिकार दिसला.

मग आलं आर्टेमिसिनिन. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका दवण्यासारख्या वनस्पतीतून ते वेगळं काढलं. त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. या औषधानेही आधी पश्चिम कंबोडियातच दगा दिला. २००८-०९ मध्ये तिथून अहवाल आले की परजीवी मरतात, पण उशिरा मरतात.

म्हणजे आर्टेमिसिनिनही आता चालत नाही का?

चालतं. यात घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण समजून घेण्यासारखं बरंच आहे.

आर्टेमिसिनिनचा प्रतिकार "अर्धवट" असतो. परजीवी लाल पेशीत शिरल्यावर सुरुवातीचे काही तास अंगठीसारखा दिसतो. प्रतिकार असलेला परजीवी या अवस्थेत एका परीने निपचित पडतो, औषधाचा जोर ओसरेपर्यंत थांबतो आणि मग पुन्हा वाढू लागतो. म्हणून तिसऱ्या दिवशीही काचपट्टीवर परजीवी दिसतात. सोबतचं दुसरं औषध दमदार असेल, तर रुग्ण तरीही बरा होतो. या बदलाची खूण केल्च-१३ नावाच्या जनुकात सापडते. अलीकडच्या वर्षांत रवांडा, युगांडा, टांझानिया आणि इरिट्रियातही असे परजीवी सापडले आहेत, आणि ते आशियातून गेलेले नसून तिथेच स्वतंत्रपणे उपजलेले आहेत. ही गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. कारण जे तिथे आपोआप घडू शकलं ते दुसरीकडेही घडू शकतं.

भारतात प्रत्यक्ष उपचार बदलावे लागले ते सोबतच्या औषधामुळे. २०१० पासून देशभर फाल्सिपॅरमला आर्टेसुनेट (हे आर्टेमिसिनिन गटातलंच) आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन ही जोडी दिली जाऊ लागली. ईशान्येकडच्या राज्यांत ती कमी पडू लागल्यावर २०१३ मध्ये तिथे आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन ही दुसरी जोडी आणावी लागली. असं पाहणीशिवाय ठरत नाही. निवडक ठिकाणी रुग्णांना पूर्ण उपचार देऊन चार आठवडे त्यांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासतात. दहा टक्क्यांहून जास्त रुग्णांत औषध अपयशी ठरू लागलं तर ते बदलायचं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे.

मलेरिया तर गडचिरोलीत आणि मुंबईत. खान्देशाने काळजी का करावी?

राज्यात सर्वाधिक रुग्ण तिकडचेच, हे बरोबर. पण परजीवी माणसाच्या अंगातून प्रवास करतो आणि आपल्याकडचा माणूस फिरता आहे.

धडगाव, अक्कलकुवा, मोलगी, तोरणमाळ या बाजूची कुटुंबंच्या कुटुंबं पावसाळा संपला की गुजरातला जातात. कुणी ऊसतोडीला, कुणी बांधकामावर, कुणी सौराष्ट्रात शेतमजुरीला. कच्च्या पालात, कालव्याच्या कडेला, मच्छरदाणीशिवाय राहतात. ताप आला तर मुकादम जवळच्या डॉक्टरकडे नेतो, इंजेक्शन-सलाईन होतं, दोन दिवसांच्या गोळ्या मिळतात. होळीला ही माणसं गावी परततात. काठी गावच्या होळीला सातपुड्यातले डोंगरच्या डोंगर लोटतात. अंगात परजीवी घेऊन आलेला एखादा त्यात असू शकतो, आणि त्याला कदाचित तापही नसतो. लहानपणापासून मलेरिया झालेल्या माणसाच्या रक्तात थोडे परजीवी लक्षणांशिवाय टिकून राहू शकतात. पुढे पावसाळ्यात नाले-ओढ्यांना पाणी आलं की डास त्याचं काम करतो. यावल-रावेरच्या केळीबागांत आणि जिनिंगवर काम करायलाही डोंगरातली माणसं येतात. म्हणजे ही साखळी पायथ्यापुरती राहत नाही.

पैलिनच्या खाणमजुरांबद्दल वाचलं तेव्हा मला हाच रस्ता आठवला. स्थलांतर, अर्धवट उपचार आणि तुरळक आरोग्यसेवा या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे प्रतिकार रुजायला जागा मिळते. नर्मदेच्या फुगवट्यालगतच्या काही पाड्यांपर्यंत आजही होडीने किंवा पायी जावं लागतं. तिथे आशाताईच्या पिशवीत तपासणीचं किट आणि गोळ्या आहेत की नाहीत, यावर पुष्कळ काही ठरतं.

देशाने २०२७ पर्यंत स्थानिक लागण शून्यावर आणायचं आणि २०३० पर्यंत मलेरिया हद्दपार करायचं उद्दिष्ट ठेवलं आहे. रुग्ण कमी होत जातात तसा उरलेला प्रत्येक परजीवी जास्त महत्त्वाचा होतो.

गोळ्या पूर्ण घेतल्या, तरी दोन महिन्यांनी पुन्हा थंडीताप. हा प्रतिकारच ना?

व्हायवॅक्स असेल तर बहुधा नाही. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विन रक्तातले परजीवी मारतं, यकृतातल्यांना हातही लावत नाही. ते काही आठवड्यांनी किंवा सहा-आठ महिन्यांनी जागे होतात आणि नवा डास न चावताही ताप परत येतो.

त्यांना मारण्यासाठी प्रायमाक्विन असतं आणि ते १४ दिवस घ्यावं लागतं. खरी अडचण इथेच आहे. तीन दिवसांत क्लोरोक्विन संपतं, ताप जातो, आणि उरलेले अकरा दिवस रोज एक गोळी घेण्याचं कारण कुणाला पटत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पाकीट बाजूला पडतं. दोन महिन्यांनी ताप आला की "औषध लागू पडत नाही" म्हणून माणूस खाजगीत जातो आणि तिथे त्याला जास्त "पॉवरफुल" औषध मिळतं, ज्याची गरजच नव्हती. भारतात व्हायवॅक्सवर क्लोरोक्विन आजही चांगलं काम करतं. हे औषध हातात ठेवायचं असेल तर प्रायमाक्विनचे चौदा दिवस पाळावे लागतील.

सिकलसेल असलेल्यांनी प्रायमाक्विन घ्यावं का?

नंदुरबार पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. प्रायमाक्विनचा धोका मुख्यतः जी-६-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांना असतो. त्यांच्या लाल पेशी या गोळीने फुटू शकतात. सिकलसेल आणि ही कमतरता हे दोन वेगळे दोष आहेत, पण एकाच माणसात दोन्ही असू शकतात, आणि सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त आधीच कमी असतं. म्हणून घरात कुणाला सिकलसेल असेल, पूर्वी एखाद्या गोळीने कावीळ झाली असेल किंवा रक्त चढवावं लागलं असेल, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. गोळी सुरू असताना लघवी चहाच्या काळ्या पाण्यासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा दम लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी तपासणी न करता आर्टिथरची तीन इंजेक्शनं दिली. चालेल?

माझं स्पष्ट मत: नाही.

आर्टिथर हे आर्टेमिसिनिनच्याच गटातलं. तीन दिवस ते एकटंच दिलं की वर सांगितलेले शेवटचे परजीवी मारायला सोबत दुसरं औषध उरत नाही. ताप झटकन उतरतो, डॉक्टरांचं नाव होतं आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप परत येतो. एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्यांवर भारतात बंदी आहे ती याच कारणाने. इंजेक्शन असावं ते गंभीर रुग्णासाठी, आणि त्याला गोळ्या घेता येऊ लागल्या की पुढे जोडऔषधाचा पूर्ण कोर्स द्यायलाच हवा.

दुसरं, तपासणी नसेल तर तो मलेरिया होता हे तरी कशावरून? डेंग्यू, टायफॉइड, न्यूमोनिया, सगळ्यांत ताप येतो. बोटाला टोचून एक थेंब रक्त घेतलं की पंधरा-वीस मिनिटांत किटवर निकाल मिळतो. सरकारी केंद्रात त्याचे पैसे लागत नाहीत.

किटवर निगेटिव्ह आलं, पण ताप तसाच आहे.

किट बरंच विश्वासार्ह आहे, पण अचूक नाही. परजीवी फार थोडे असले तर ते चुकू शकतं. शिवाय किटमधली फाल्सिपॅरमची रेघ परजीवीच्या एका विशिष्ट प्रथिनावर उमटते. जगात काही ठिकाणी असे फाल्सिपॅरम सापडले आहेत ज्यांच्यात त्या प्रथिनाचं जनुकच नाही. ते किटवर दिसतच नाहीत. पेरूमधून २०१० मध्ये याचा पहिला पुरावा आला. म्हणून लक्षणं मलेरियाची असतील तर एक-दोन दिवसांत काचपट्टी करून घ्या. पट्टीवर आम्ही परजीवी डोळ्यांनी पाहतो.

याच्या उलटही घडतं, आणि त्यातून फार गोंधळ होतो. उपचार पूर्ण झाल्यावरही ते प्रथिन रक्तात दोन-चार आठवडे राहतं. माणूस बरा झालेला असतो आणि किट पॉझिटिव्हच दाखवतं. मग "गोळ्यांनी काही झालं नाही" म्हणत दुसरा कोर्स सुरू होतो. औषध लागू पडलं की नाही हे किटवरून ठरवू नका. त्यासाठी काचपट्टीच हवी.

गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या की जेवून?

जेवून. आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन दिलं असेल तर जेवणात थोडं तेल-तूप, दूध किंवा शेंगदाणे असायलाच हवेत, कारण ल्युमेफॅन्ट्रिन स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषलं जातं. तापात नुसतं ताक-पाणी पिऊन गोळी घेतली तर रक्तात पुरेसं औषध पोचत नाही. या गोळ्यांचे तीन दिवसांत सहा डोस असतात. दुसरा डोस पहिल्यानंतर आठ तासांनी, मध्यरात्र झाली तरी उठून घ्यायचा. बाळाने अर्ध्या तासाच्या आत उलटी केली तर तो डोस पुन्हा द्यावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी जास्तीची गोळी आशाताईंकडून मागून घ्या. एकाचं पाकीट दोन मुलांत वाटू नका.

गरोदर बाईने काय करावं?

ताप आल्या दिवशीच तपासणी. गरोदरपणातला फाल्सिपॅरम आईलाही धोक्याचा आणि बाळालाही. प्रायमाक्विन गरोदरपणात देत नाहीत. बाकी औषधं कितव्या महिन्यात कोणती द्यायची हे डॉक्टर ठरवतील. पाळी चुकली असेल तर न लाजता आधी सांगा. पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याचदा कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

क्लोरोक्विन फाल्सिपॅरमला कायमचं बाद झालं का?

आज आपल्याकडे फाल्सिपॅरमला क्लोरोक्विन द्यायचं नाही, हे पक्कं. पण आफ्रिकेतल्या मलावी देशाची हकीकत सांगण्यासारखी आहे. तिथे १९९३ मध्ये क्लोरोक्विनचा वापर थांबवला. साधारण दहा वर्षांत प्रतिकार असलेले परजीवी तिथून जवळजवळ नाहीसे झाले आणि २००५ च्या सुमारास घेतलेल्या चाचणीत क्लोरोक्विन पुन्हा जवळपास सगळ्या रुग्णांत काम करताना दिसलं. औषध नसेल तेव्हा तो बदल परजीवीला ओझंच ठरतो आणि साधे परजीवी पुढे जातात. पण हे घडलं ते सगळ्या देशाने औषध खरोखर थांबवलं म्हणून. दुकानातून चोरूनमारून विक्री सुरू राहिली असती तर हे झालं नसतं.

गुळवेल, कडुनिंब, पपईच्या पानांचा रस?

यांनी मलेरियाचा परजीवी रक्तातून जातो असा भरवशाचा पुरावा नाही. आर्टेमिसिनिन वनस्पतीतून आलं म्हणून त्या पानांचा काढा प्यावा, असंही काही जण म्हणतात. काढ्यात औषधाची मात्रा थोडी आणि दर वेळी वेगळी असते. मिठातल्या औषधाचं जे झालं तेच याचं. घरच्या वडीलधाऱ्यांचं मन राखायला काढा द्यायचा तर द्या, पण गोळ्यांच्या जागी नको. भगताकडे जायचं असेल तर आधी रक्त देऊन जा.

डासही फवारणीला दाद देत नाहीत, हे खरं का?

खरं, पण तो वेगळा प्रतिकार. गावाकडे मलेरिया पसरवणारा आपला मुख्य ॲनोफिलीस डास डीडीटीला आणि नंतर मॅलाथिऑनलाही बऱ्याच भागांत सरावला. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण वर्षाला एक लाखाच्या आसपास आले होते. १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. त्यामागे डासांचा प्रतिकार होता आणि काम ढिलं पडणंही होतं.

शहरात वेगळाच ॲनोफिलीस असतो, जो स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. भुसावळ, जळगाव, अमळनेरसारख्या ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी टाक्या-हौद भरून ठेवतात. त्यांना घट्ट झाकण लावा. हौदात गप्पी मासे सोडा. आणि उन्हाळा संपला की कूलरची टाकी पावसाळ्याआधी रिकामी करून पुसून ठेवा.

लस आली म्हणतात. मग हे सगळं कशाला?

आर-२१ ही लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तिची शिफारस केली. ती फाल्सिपॅरमविरुद्ध आहे आणि मुख्यतः आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी वापरली जाते. व्हायवॅक्सला ती उपयोगी नाही. नव्या औषधांवरही काम चालू आहे. तीन औषधं एकत्र देण्याच्या चाचण्या झाल्या आहेत, गॅनाप्लासाइड नावाच्या नव्या घटकाच्याही. पण आज रात्री धडगावात मुलाला ताप आला तर हाती असणार आहेत त्या सध्याच्याच गोळ्या.

कामासाठी गुजरातला जातोय. काय न्यावं, काय करावं?

मच्छरदाणी न्या, पालात राहणार असाल तरी. तिथे ताप आला तर मुकादमाला सरकारी दवाखान्यात न्यायला सांगा, रक्ततपासणी मागा आणि कागद जपून ठेवा. गोळ्या सुरू असताना गावी निघायची वेळ आली तर पाकीट सोबत घ्या, प्रवासातही वेळ चुकवू नका. परत आल्यावर ताप असो वा नसो, आशाताईंना कळवा. त्या रक्त घेतील.

सगळं नीट केलं, गोळ्या पूर्ण घेतल्या, तरी ताप परत आला. आता?

अशी माणसं आम्हाला हवीच असतात, त्यांनी गप्प बसू नये.

तिसऱ्या दिवसानंतरही ताप असेल, किंवा उपचारानंतर चार आठवड्यांच्या आत परत आला, तर त्याच आरोग्य केंद्रात जा आणि काचपट्टी करायला सांगा. जुना निकाल आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन जा. पाकिटावरून औषध, बॅच आणि मुदत कळते. गोळ्या कोणत्या तारखेला, किती वाजता, जेवून की न जेवता घेतल्या, उलटी झाली होती का, मधल्या काळात कुठे जाऊन आलात, हे आठवेल तेवढं सांगा. त्यावरून कळतं की डोस कमी पडला, नवा डास चावला, व्हायवॅक्स उलटला की खरंच औषध हरलं. शेवटची शंका आली तर केंद्राने जिल्हा हिवताप कार्यालयाला कळवायचं असतं, म्हणजे परजीवीची पुढची तपासणी होऊ शकते.

मात्र बरळणं, झटके, सतत उलट्या, डोळे पिवळे होणं, धाप, लघवी फार कमी किंवा काळपट होणं, बाळाने दूध सोडणं, यातलं काहीही दिसलं तर काचपट्टीच्या निकालाची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या.